घरातले रोजचे वास कधी आले, कधी गेले? याचा इतिहास कुणी लिहिलाय का?

माजघर_वाई

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयाचं एक छोटं काम चाललंय, सत्तरी-ऐंशी पार केलेल्या लोकांशी बोलून जुन्या रोजच्या आयुष्याबद्दल लिहून ठेवायचं. लग्नं, दुष्काळ, भाव, भांडणं हे सगळं मिळतंय पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली की साल विचारलं तर म्हातारी माणसं अडखळतात आणि वास विचारला की तासभर थांबत नाहीत. एका मावशींना मी सहज विचारलं की तुमच्या माहेरच्या घरात आत शिरल्यावर कसला वास यायचा, तर त्या म्हणाल्या ओल्या गोवऱ्यांचा धूर, कणगीतल्या ज्वारीचा, देवघरातल्या शिळ्या झेंडूचा, कोनाड्यातल्या करंजेलाचा, आणि मग एकदम गप्प होऊन म्हणाल्या "आणि परड्यातल्या संडासाचा". असं कुणी छापील पुस्तकात सांगत नाही हो.

तर माझे प्रश्न, जरा विस्कळीत आहेत, सांभाळून घ्या. एक म्हणजे हे वास घरात शिरले कधी आणि गेले कधी याला काही तारखा लावता येतात का? रॉकेल, फिनेल, डांबरगोळ्या, गॅस, डीडीटी वगैरे. दुसरं म्हणजे जुन्या मराठीत सुवासांबद्दल कुणी काही लिहून ठेवलंय का, म्हणजे ओव्या-अभंगातलं नाही, खरंखुरं कसं बनवायचं, काय वापरायचं असं. आणि तिसरं, घाण वासांबद्दल लोक बोलायला तयार नसतात तर ते कसं विचारावं. ज्याला जे माहीत असेल ते लिहा, तुमच्या घरातलं लिहिलंत तरी चालेल, खरं तर तेच जास्त हवंय.

---

रसायनवाली_बाई

छान विषय काढलात. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे, त्यामुळे पहिल्या प्रश्नावर थोडं सांगू शकते.

करंजेल, एरंडेल, तिळाचं तेल हे दिव्याचे जुने वास. रॉकेल आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन-तीन दशकांत आलं, आधी अमेरिकेचं, मग रशियाचं, पत्र्याच्या चौकोनी डब्यातून. तो डबा नंतर पाण्याला, धान्याला, छपराला सगळ्याला वापरायचे, म्हणजे रॉकेल संपलं तरी वास घरात राहायचाच. स्टो त्यानंतरचा. स्टो पेटवताना आधी वाटीत स्पिरिट ओतून बर्नर तापवायचं, तो निळ्या ज्योतीचा वास वेगळा, मग पंप मारल्यावर न जळलेल्या रॉकेलचा वेगळा आणि विझवल्यावर येणारा तिसराच. तुमच्या मावशींना हे तिन्ही वेगवेगळे विचारून बघा, त्या बरोबर सांगतील.

फिनेल, कार्बोलिक साबण आणि डांबरगोळ्या हे तिन्ही मुळात एकाच घरातले, दगडी कोळशाच्या डांबरातून निघालेले. कोळशापासून दिव्याचा गॅस आणि भट्टीचा कोक करताना जे काळं चिकट डांबर उरायचं त्याचं करायचं काय हा युरोपातल्या कारखान्यांपुढे मोठा प्रश्न होता, त्यातून रंग निघाले, औषधं निघाली आणि हे वास निघाले. लिस्टर नावाच्या सर्जननी 1867 मध्ये कार्बोलिक ॲसिडनी जखमा धुवायची पद्धत छापून प्रसिद्ध केली, 1894 ला इंग्लंडमध्ये लाईफबॉय निघाला तो कार्बोलिक साबण म्हणूनच. आपल्याकडे तो लाल साबण आणि "दवाखान्याचा वास" यांची सांगड दोन-तीन पिढ्यांच्या डोक्यात घट्ट बसली. 2002 ला त्याचं रूप बदललं आणि कार्बोलिक वास गेला. म्हणजे आज तिशीच्या आतल्या माणसाला तो वास सांगूनही कळणार नाही.

गॅसचं तर फार महत्त्वाचं आहे. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. आपल्याला येतो तो मुद्दाम घातलेल्या इथाइल मर्कॅप्टनचा, अगदी नावापुरता घातला तरी नाकाला कळतो. 18 मार्च 1937 ला अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत तळघरात नैसर्गिक वायू साठला, वास नसल्यामुळे कुणालाच पत्ता नाही, स्फोट झाला आणि तीनशेच्या आसपास माणसं गेली, बहुतेक मुलं. त्यानंतर वायूत वास मिसळायची सक्ती झाली. आपल्याकडे मुंबईत 1950 च्या दशकात बर्शेन आला, जुने मुंबईकर अजून सिलिंडरला बर्शेन म्हणतात, इंडेनचं पहिलं कनेक्शन 1965 ला कलकत्त्यात, आणि गावाकडे बऱ्याच घरांत खऱ्या अर्थानं पोचला तो 2016 च्या उज्ज्वलानंतर. त्यामुळे "चुलीचा वास कधी गेला" या प्रश्नाला महाराष्ट्रात एक साल नाहीच. शेजारशेजारच्या दोन घरांत चाळीस वर्षांचं अंतर असू शकतं.

आणि हो, पहिल्या पावसाचा वास कुणीतरी काढणारच म्हणून आधीच सांगते. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू जिओस्मिन नावाचं वासाचं रसायन बनवतात, आपलं नाक ते अब्जात एक भागापेक्षाही कमी असलं तरी ओळखतं. 1964 ला ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी, इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी, या वासावर शोधनिबंध लिहिला तेव्हा त्यांनीही नोंद केलीय की उत्तर प्रदेशात याचं अत्तर आधीपासून काढतात. कनौजला भाजलेल्या मातीच्या चकत्या तांब्याच्या डेगेत पाण्याबरोबर उकळतात, वाफ बांबूच्या नळीतून चंदनाच्या तेलात उतरवतात. प्रयोगशाळेच्या फार आधी तिथल्या कारागिरांनी तो वास बाटलीत भरलेला होता, मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं.

---

जुनी_दप्तरं

बाईंनी कार्बोलिकचा विषय काढलाय तर त्याला प्लेगची जोड दिल्याशिवाय तो इतिहास पुरा होत नाही.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. तेव्हा प्लेगचा जंतू सापडून दोन वर्षं झाली होती, 1894 ला हाँगकाँगमध्ये येर्सिननी शोधला होता, पण कारभाऱ्यांच्या डोक्यात अजून दुर्गंधीतून रोग होतो हीच समजूत पक्की. लंडनला 1858 च्या उन्हाळ्यात थेम्स इतकी घाण मारायला लागली की पार्लमेंट चालवणं मुश्किल झालं, त्यातून तिथली मोठी गटारं झाली. तोच विचार इकडे आला. वास मारला की रोग मेला. मग मुंबईत गटारांतून, चाळींतून, घराघरांतून कार्बोलिक आणि समुद्राचं पाणी ओतलं, भिंतींना चुना, ऊन आत यावं म्हणून छपराची कौलं काढली, राहायला नालायक ठरवलेल्या घरांवर यू.एच.एच. अशी अक्षरं रंगवली. रोग खरं तर उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरत होता, ते सिमोन यांनी 1898 मध्ये कराचीत दाखवलं आणि ते सर्वांनी मान्य करायला अजून काही वर्षं गेली. तोवर गटारं धुवून उंदीर उलट दुसऱ्या घरात पळत होते.

पुण्यात 1897 ला गोरे शिपाई घरात शिरून जे झालं, रँड, चाफेकर, 22 जूनची रात्र, ते आपण सगळे शाळेत शिकलोय. पण त्यातला वास कुणी शिकवत नाही. ज्या घरात परका माणूस उंबऱ्याच्या आत येत नव्हता तिथे देवघरापर्यंत तो उग्र औषधी वास पोचला, जमीन उकरली, अंथरुणं पेटवली, आणि तो वास म्हणजे घरातलं माणूस आता उचलून नेणार असा अर्थ झाला. माझ्या पणजीकडून घरात चालत आलेलं एक वाक्य आहे, "औषधाचा वास आला की आई आम्हाला पोत्याच्या थप्पीमागे लपवायची". प्लेगच्या सरकारी अहवालांत किती गॅलन ओतलं हे सगळं मिळतं, ते वास घेणाऱ्यांना काय वाटलं हे मिळत नाही. ते तुमच्यासारख्यांनीच गोळा केलं पाहिजे. पुढे 1898 ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाला आणि हवा खेळावी म्हणून रुंद रस्ते काढले गेले. मुंबईतले बरेच रस्ते आज जिथून जातात तिथून ते जाण्यामागे वासाची भीती हे एक कारण आहे.

---

पोथीशोध

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे आणि ते भारी आहे. जुन्या मराठीत खरोखर असं लिहिलेलं आहे.

पुण्याच्या भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे, तिथले अनेक वर्षांचे क्युरेटर, यांनी 1940 च्या दशकात भारतीय सुगंधांच्या इतिहासावर बरेच लेख लिहिले. त्यांना एका हस्तलिखितात दोन ग्रंथ मिळाले. एक गंगाधराचा गंधसार, संस्कृत, आणि दुसरा गंधवाद, त्याच्यासोबत चक्क मराठी टीका, म्हणजे अर्थ उलगडून सांगणारं भाष्य. गोड्यांनी तिचा काळ साधारण 1350 ते 1550 च्या दरम्यानचा धरलाय. म्हणजे ज्या काळातलं गद्य आपल्याला फार थोडं मिळतं त्या काळात कुणीतरी मराठीत बसून तेल कसं वासवायचं, धूप कसा करायचा हे समजावून सांगत होतं. सांगायला कुणीतरी शिकाऊ समोर असणार, दुकान असणार, गिऱ्हाईक असणार.

गंधसारात सहा क्रिया सांगितल्यात, भावन, पाचन, बोध, वेध, धूपन, वासन. भावन म्हणजे चूर्ण द्रवात भिजवून मुरवणं, पाचन म्हणजे शिजवणं, बोध-वेध म्हणजे दबलेला वास वर आणण्यासाठी दुसरं द्रव्य घालणं, धूपन धुरी देणं आणि वासन म्हणजे फुलांत ठेवून वास चढवणं. आता आजीचं शिकेकाईचं तेल किंवा दिवाळीचं उटणं डोळ्यांपुढे आणा. नागरमोथा, गव्हला, कचोरा, वाळा, आंबेहळद, यातलं बरंचसं त्या याद्यांत आहे. बाराव्या शतकात, 1129-30 च्या सुमाराला, कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या मानसोल्लासात राजाचं स्नान, उटी, धूप, तांबूल याची प्रकरणं आहेत. पण तो राजवाडा झाला. मला स्वतःला तो मराठी टीकाकार जास्त जवळचा वाटतो.

पेशवाईतलं अत्तर-गुलाब-विडा सगळ्यांना माहीत आहे म्हणून त्यावर लिहीत नाही.

---

निवृत्त_सिस्टर

रॉकेलचं वर वाचलं आणि लिहावंसं वाटलं. मी सरकारी हॉस्पिटलमध्ये जळीत वॉर्डला बरीच वर्षं होते, मुख्य म्हणजे ऐंशीचं दशक. तुमच्यासाठी रॉकेल म्हणजे रेशनची रांग आणि कंदील असेल, माझ्यासाठी तो वास म्हणजे रात्री अपरात्री स्ट्रेचरवर आलेली वीस-बावीस वर्षांची मुलगी.

सोबतचे लोक सांगायचे स्टोचा भडका झाला. कधी ते खरंही असायचं, पंपाचे स्टो फुटायचे, नायलॉनच्या साड्या अंगाला चिकटायच्या. पण आम्ही केस बाजूला केले की कळायचं. स्टो जमिनीवर असतो, भडका खालून वर येतो, मग डोक्याच्या केसांत मुळापर्यंत रॉकेल कसं? डॉक्टर केसपेपरवर लिहायचे, अंगाला व केसांना रॉकेलचा वास येतो. ती एक ओळ. मग मॅजिस्ट्रेट जबाब घ्यायला यायचे, सासू किंवा नवरा दारात उभा, आणि ती मुलगी म्हणायची स्वयंपाक करताना झालं. घरी लहान मूल असायचं ना. राहिलेले कपड्याचे तुकडे सीलबंद करून केमिकल ॲनालायझरकडे जायचे, त्यात रॉकेल निघालं की तो पुरावा. 498 अ कलम, सासरच्या छळाचं, 1983 ला आलं, 304 ब, हुंडाबळीचं, 1986 ला, लग्नाच्या सात वर्षांच्या आतला मृत्यू. ते कायदे कोर्टात कसे चालले ते वकील सांगतील, मी फक्त एवढं सांगते की आमच्या नाकाला उत्तर जबाबाच्या आधी माहीत असायचं आणि नाकाची साक्ष कुठे नोंदवता येत नव्हती.

अजून एक. पट्टी सोडताना जखमेला कधीकधी गोडसर, पिकल्या द्राक्षांसारखा वास यायचा. तो आला की आम्ही एकमेकींकडे बघायचो, स्यूडोमोनास नावाचा जंतू शिरलेला असायचा, लॅबचा रिपोर्ट नंतर यायचा. मी अजूनही द्राक्षांच्या हंगामात मंडईत जास्त वेळ थांबत नाही.

तुमच्या पुस्तकात रॉकेलचा वास लिहिणार असाल तर हे पण लिहा. गावागावात एक तरी नाव असतंच, बायकांना एकटीला विचारा, पुरुषांसमोर विचारू नका.

---

माजघर_वाई

सिस्टर, काय लिहू कळत नाही. लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. विचारेन, आणि तुम्ही म्हणताय तसंच, एकटीला.

---

लालबाग_परळ

गिरणगावातला वास कुणीतरी नोंदवायला हवा म्हणून लिहितो. आमचे वडील सायझिंग खात्यात होते. म्हणजे सूत मागावर चढण्याआधी त्याला खळ लावायचं खातं. त्या खळीत स्टार्च, चिंचोक्याचं पीठ आणि चरबी, सगळं वाफेवर शिजायचं, त्या खात्यात उभं राहणं म्हणजे काय ते ज्यानं केलं त्यालाच माहीत. वडील आले की आधी तो आंबूस गरम खळीचा वास मग मशीनच्या तेलाचा आणि सदरा झटकला की कापसाचं तूस उडायचं, आई तो सदरा आमच्या कपड्यांत कधी भिजवायची नाही, वेगळी बादली. शेजारचे काका रंगखात्यात त्यांचा वास वेगळा, वाइंडिंगवाल्या मावशींचा वेगळा, आम्ही पोरं अंधारात जिन्यावर कोण चढतंय ते पावलांच्या आधी वासावरून सांगायचो.

आणि खाणावळी! एकाच मजल्यावर सातारी, मालवणी, घाटावरचं असं शिजायचं. एप्रिल-मेमध्ये मिरच्या डंकावर कुटून आणायच्या, त्या दिवसांत लालबागच्या गल्लीत डोळे चुरचुरल्याशिवाय चालता यायचं नाही, ते मात्र अजून आहे. खाणावळवाल्या बायकांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना 1975 ला प्रेमा पुरव यांनी उभी केली, त्या बायकांच्या हातांचा कांदा-लसणाचा वास कधी गेलाच नाही असं त्याच सांगायच्या.

18 जानेवारी 1982 ला संप लागला. लोक म्हणतात भोंगे बंद झाले, सगळे भोंग्याचंच लिहितात. आमच्या घरात पहिल्यांदा वडिलांचा वास गेला. दोन-तीन महिन्यांत सदऱ्याला नुसता साबणाचा वास यायला लागला आणि आई एक दिवस तो नाकाला लावून तशीच उभी राहिलेली मी बघितली. वडील गावी गेले शेती करायला, परत आले ते वॉचमनची नोकरी धरून. आता त्या गिरणीच्या जागेवर मॉल आहे, आत शिरलं की एसी आणि परफ्यूमच्या काउंटरचा वास, मी तिथे जातो, पोरांना घेऊन जातो, मला काही राग वगैरे नाही त्या मॉलचा. पण तिथे काय वास होता हे पोरांना सांगायचं झालं तर दाखवायला माझ्याकडे काही नाही, फोटो आहेत, पगाराची पावती आहे, वास नाही.

---

कणकवली_रस्ता

@माजघर_वाई तुमच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल. त्या मावशी "परड्यातल्या संडासाचा" म्हणून गप्प झाल्या ना, त्या गप्प होण्याच्या पलीकडे आमचं घर आहे. माझे आजोबा नगरपालिकेत सफाईला होते. टोपली संडास, काही ठिकाणी डबा म्हणायचे. घरांच्या मागून एक अरुंद बोळ, पहाटे त्या बोळातून जायचं, मागची झडप उघडून टोपली ओढायची, राख टाकायची, गाडीत रिकामी करायची. पावसात ती डोक्यावरून गळायची. ज्या घराचा संडास साफ करायचा त्या घराच्या पुढच्या दारानं आजोबा कधी गेले नाहीत.

घरी आल्यावर विहिरीवर, मग तुरटी, मग राख, मग साबण. आजी म्हणायची वास अंगाला नसतो रे, लोकांच्या डोळ्यात असतो. पण तो अंगालाही होता, ते खोटं बोलून चालणार नाही, त्यासाठी तंबाखू, त्यासाठी दारू, आमच्या आळीतली अर्धी माणसं त्यानंच गेली. शाळेत मास्तर माझ्या वडिलांना खिडकीजवळ बसवायचे, वारा बाहेर जावा म्हणून. वडील रोज आंघोळ करून जायचे.

कोकणात अप्पासाहेब पटवर्धन होऊन गेले, त्यांचं नाव तुमच्या नोंदीत असू द्या. 1932 ला रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी मागणी केली की मला भंगीकाम करू द्या, वरच्या जातीच्या कैद्याला ते करू द्यायला तुरुंगवाले तयार नव्हते, त्यांनी उपास धरला आणि येरवड्यातून गांधींनी डिसेंबरात त्यांच्यासाठी उपास केला. पुढे कणकवलीला गोपुरी आश्रमात ते खताचे संडास, गोबरगॅस यावर काम करत राहिले, की माणसाला मैला हातानं उचलायलाच लागू नये. कायदा मात्र 1993 ला आला, मग परत 2013 ला. आणि गटारात उतरून गुदमरून माणसं अजून मरतात, त्या गॅसला सडक्या अंड्याचा वास असतो आणि प्रमाण वाढलं की नाक बधिर होऊन तो वास येईनासा होतो, म्हणजे वास गेला म्हणजे बरं झालं असं समजून माणूस पुढे जातो.

घाण वासाबद्दल विचारायचं असेल तर ज्यांच्या घरात यायचा त्यांना विचारून थोडंच मिळेल. ज्यांनी तो उचलला त्यांच्या वस्तीत जा. चहा घ्या तिथे, आधी चहा, मग प्रश्न.

---

शेगडीवाली

वरचं वाचून पाच मिनिटं तशीच बसले होते. माझं अगदी साधं आहे तरी लिहिते.

बाळंतिणीच्या खोलीचा वास कुणी घेतलाच नाही का यादीत? बाजेखाली शेगडी, निखाऱ्यावर ओवा, वेखंड, बाळंतशेपा, लसणाची सालं. दारंखिडक्या बंद. बाळाला न्हाऊ घातलं की टोपलीखाली धुरी, बाळाचं जावळ वाळेपर्यंत. त्यात तेलाचा वास, दुधाचा आंबूस, डिंकाच्या लाडवांचा, खारकेचा. माझ्या दोन्ही बाळंतपणांत आईनं केलं, माझ्या मुलीच्या वेळी डॉक्टर म्हणाल्या की तान्ह्याच्या फुप्फुसाला धूर नको, बंद खोलीत कोळसे तर नकोच, आणि त्यांचं बरोबरच आहे, कोळशाच्या वायूनं माणसं गेलेली आहेत. आम्ही शेगडी लावली नाही. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकलं तेवढंच.

चुलीचंही तेच. गावी कार्यक्रमात चुलीवरचं जेवण म्हणून लोक पैसे देऊन जेवतात. माझ्या सासूबाई पन्नास वर्षं फुंकणी घेऊन बसल्या, एकही विडी ओढली नाही आणि डॉक्टरांनी एक्स-रे बघून विचारलं किती वर्षं सिगरेट ओढता. त्यांना विचारा चुलीचा वास आवडतो का. त्यांना गॅसच आवडतो.

---

वेसावकरीण

मासळीचा वास. लिहितेच. वलांडीवर, म्हणजे मासळी सुकवायच्या मांडवावर, बोंबील सुकत असताना येतो तो वास आमच्यासाठी पावसाळ्याच्या चार महिन्यांच्या कालवणाचा आणि पोरांच्या फीचा. ज्या जमिनीवर आमची वलांडी पिढ्यान् पिढ्या होती तिच्या बाजूला टॉवर झाले, माणसं आमच्यानंतर आली आणि वासाची तक्रारही त्यांनीच केली. भाड्यानं घर बघायला गेलं तर अजून विचारतात, नॉनव्हेज करता का, वास येईल. लोकलमध्ये मासळीवाल्या बायकांसाठी लगेजचा डबा. बाकी मला इतिहास माहीत नाही, एवढं नोंदवून घ्या.

---

माजघर_वाई

मी दोन ओळींची उत्तरं येतील म्हणून धागा काढला होता. हे सगळं मी छापून वाचनालयात ठेवणार आहे, कुणाची हरकत असेल तर कळवा.

अजून एक विचारायचं राहिलं. गावात तीन-चार जणांनी "पावडरवाले" आले की येणाऱ्या वासाचं सांगितलं, दारावर खडूनं किंवा रंगानं तारीख लिहून जायचे म्हणे. ती डीडीटीच का?

---

रसायनवाली_बाई

हो, डीडीटीच. राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम 1953 ला सुरू झाला, 1958 पासून निर्मूलन कार्यक्रम. स्वातंत्र्याच्या सुमाराला देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा आणि आठ लाख मरायचे, 1965 पर्यंत आकडा लाखाच्या आसपास आला. म्हणून म्हातारी माणसं त्या वासाबद्दल वाईट बोलणार नाहीत, शिवाय पहिल्या एक-दोन फवारण्यांत ढेकूणही मरायचे, लोक आपणहून बोलवायचे. मग ढेकूण मरेनासे झाले आणि लोक दारं लावून घ्यायला लागले.

यात तुमच्या कामाची एक गोष्ट आहे. औषध भिंतीवर महिनोन् महिने टिकायला हवं होतं, डास भिंतीवर बसला की मरायचा. आणि आपल्या बायका सणाला, अमावास्येला, घरात कुणी येणार असलं की भिंतींना शेणमातीचा हात द्यायच्या. फवारलेलं औषध शेणाखाली. कामगार वैतागून सांगायचे सारवू नका, आणि घर न सारवता दसरा कसा करायचा? म्हणजे त्या भिंतीवर दोन वासांची एकमेकांशी झटापट चालली होती. 1976 ला हिवतापाचे रुग्ण परत चौसष्ट लाखांवर गेले, कारणं बरीच होती, डासांना औषध लागू पडेना हे मोठं, पण हेही त्यात होतं. तारीख कुठल्या रंगात लिहायचे ते विचारून ठेवा, एखाद्या पडक्या घराच्या चौकटीवर अजून असेल.

---

हडपसर_नाक

मला 2021 च्या लाटेत कोविड झाला आणि वास गेला, पूर्ण. कॉफी, फोडणी, मुलाचं डोकं, काहीच नाही. डॉक्टरांनी नाकाचा व्यायाम सांगितला, गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग, सकाळ-संध्याकाळ एकेक थोडा वेळ हुंगायचं आणि तो वास आठवायचा प्रयत्न करायचा. ही पद्धत जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी 2009 मध्ये मांडलेली, कोविडच्या आधीचीच. लवंग सगळ्यात आधी परत आली.

त्यातून सुचलं ते सांगतो. म्हाताऱ्यांना नुसतं विचारू नका, हातात वस्तू द्या. नागरमोथा, वाळा, राळ, ऊद, वेखंड, रॉकेलचा बोळा, कार्बोलिकसारखा वास असलेलं काही मिळालं तर ते, शिकेकाई, शेणाची वाळलेली गोवरी. एकेक पुडी उघडायची आणि रेकॉर्डर चालू ठेवायचा. प्रश्नावलीपेक्षा फार जास्त निघेल. जपानच्या पर्यावरण मंत्रालयानं 2001 ला देशभरातल्या वासाच्या शंभर जागांची यादी केली, फ्रान्सनं जानेवारी 2021 मध्ये खेड्यातले आवाज आणि वास वारसा म्हणून कायद्यात घातले. आपल्याकडे निदान गावची यादी व्हायला काय हरकत आहे. फक्त त्यात वरच्या बोळाचा आणि वॉर्डाचापण वास असू द्या, नुसता मोगरा नको.

---

माजघर_वाई

पुड्यांची कल्पना एकदम पटली, पुढच्या रविवारपासून तसंच करते. नागरमोथा, वेखंड वाईत मिळेल, पण राळ आणि खरा ऊद कुठे मिळेल? बाजारातला धूप नको, त्यात भलतेच वास घातलेले असतात.

---

पोथीशोध

पुण्यात मंडई-तुळशीबागेच्या बाजूला काष्ठौषधींची दुकानं आहेत, तिथे राळ, गुग्गुळ, ऊद, गव्हला सगळं सुटं मिळतं. अगदी थोडं घ्या, प्रत्येक वस्तू वेगळ्या काचेच्या बाटलीत ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत एकत्र ठेवलंत तर चार दिवसांत सगळ्याला वेखंडाचा वास लागेल. आणि राळ नुसती हुंगून कळत नाही, निखाऱ्यावर टाकायला लागते, तेव्हा ती बाटली न्याल तिथे शेगडी आहे का आधी विचारून घ्या.